औषधाच्या चुकीला हजार रुपये दंड: या आचारसंहितेवर सही करू का?

वॉर्ड_इन्चार्ज_कोल्हापूर

नमस्कार मंडळी.

मी कोल्हापुरात एका खाजगी हॉस्पिटलमध्ये मेडिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. मिरजेला जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, त्याला आता सतरा वर्षं झाली. हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही, कुणी अंदाजही बांधू नका. ऐंशी खाटा आहेत आणि पेशंट राधानगरी-गारगोटीपासून निपाणी-चिकोडीपर्यंतचे, शिवाय घाटाखालचे. एवढं पुरे.

दिवाळीनंतर मॅनेजमेंटनं 'कर्मचारी आचारसंहिता' काढली. चौदा पानं, सगळी इंग्रजीत. नियम तेव्हापासूनच लागू झाले, आता शेवटच्या पानावर सही करून ३१ तारखेच्या आत ऑफिसात द्यायची आहे. माझ्या वॉर्डातल्या नऊ जणी माझ्याकडं बघत थांबल्यात. मी सही केली की त्या करणार.

त्यातलं सगळंच वाईट आहे असं मी म्हणत नाही. कोपराखाली घड्याळ, अंगठी, बांगड्या नकोत, हे मी पोरींना पहिल्यापासून सांगते. बांगडीखाली साबण पोचत नाही. पेशंटला एकेरी हाक मारायची नाही, नातेवाइकांसमोर दुसऱ्या पेशंटच्या आजाराबद्दल बोलायचं नाही, ओव्हर दिल्याशिवाय, म्हणजे पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरला सगळे पेशंट समजावून दिल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही. हे सगळं बरोबर आहे आणि लेखी असलेलं चांगलंच.

दंडाच्या पानावर मात्र मी अडकले. दहा मिनिटं उशीर झाला तर १०० रुपये. ड्यूटीवर मोबाइल दिसला तर ५००. औषधाची चूक झाली तर १००० आणि मेमो. वर हे सगळं वर्षाच्या अप्रेझलला जोडलेलं. फ्रेशर सिस्टरला हातात १४,००० मिळतात, हे लक्षात घ्या. शिवाय मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा म्हणतात, आणि निम्मे कन्सल्टंट ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवतात. ती वाचायची कुठं?

आता जे खरं सांगायचंय ते. आमच्या वॉर्डात पूर्वी महिन्याला सहा-सात इन्सिडेंट फॉर्म भरले जायचे. सलाईनची जागा सुजली, डोस उशिरा गेला, आजोबा बाथरूमजवळ घसरले, लेबल चुकीचं होतं पण देण्याआधी लक्षात आलं, अशा नोंदी. गेल्या तीन महिन्यांत एकही फॉर्म नाही. मीटिंगमध्ये पडद्यावर तक्ता दाखवला, माझ्या वॉर्डचं नाव घेतलं, टाळ्या वाजल्या. मला घाम फुटला. कारण पेशंट तेवढेच आहेत, स्टाफ तेवढाच आहे, मग चुका गेल्या कुठं?

पंधरा दिवसांपूर्वी एक पोरगी औषधाच्या खोलीत माझ्यासमोर रडली. बावीस वर्षांची आहे, चंदगडकडची, तिघी-चौघींत खोली घेऊन राहते. तिनं सांगितलं ते असं. नाइटला आल्या आल्या एका काकांना जेवणाआधी १२ युनिट रेग्युलर इन्सुलिन द्यायचं होतं. व्हायल, म्हणजे इन्सुलिनची बाटली, होती १०० ची, मिलीला १०० युनिटवाली. ट्रेमध्ये सिरिंज होती लाल टोपणाची, म्हणजे ४० ची, मिलीला ४० युनिटच्या इन्सुलिनसाठीची. तिनं १२ च्या रेघेपर्यंत भरून दिलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: ४० च्या सिरिंजनं १०० चं इन्सुलिन भरलं तर अडीचपट जातं. बाराच्या जागी तीस युनिट गेले. साडेनऊला ट्रे आवरताना तिला लाल टोपण दिसलं आणि तिच्या सगळं ध्यानात आलं.

त्यानंतरचा सव्वा तास ती त्या काकांच्या खाटेजवळून हलली नाही. स्वतःच्या डब्यातलं केळं त्यांना सोलून दिलं, बिस्किटं दिली, दोनदा त्यांचा तळवा धरून बघितला. पण आरएमओंना, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना, हाक मारली नाही. पावणेअकराला काका घामानं भिजले, भलतंच बोलायला लागले. शुगर ४४. मग आरएमओ आले, २५ टक्के डेक्स्ट्रोज दिलं, काका शुद्धीवर आले. कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सर, जेवण नीट गेलं नव्हतं." केस पेपरवरही तेच लिहिलं.

मी तिला विचारलं, तेव्हाच का नाही बोललीस? म्हणाली, "सिस्टर, गेल्या महिन्यात सहाशे कापलेत. घरी आठ हजार पाठवायचे असतात."

तिला ओरडण्यात अर्थ नव्हता. मी स्टोअरमध्ये गेले. केशरी टोपणाच्या, म्हणजे १०० च्या सिरिंज संपल्या म्हणून त्यांनी लाल टोपणाच्या दिल्या होत्या, आणि इन्सुलिनची कंपनी बदलून व्हायल १०० ची आलेली. दोन्ही एकाच ट्रेमध्ये. मी माझ्या वॉर्डातल्या लाल सिरिंज परत पाठवल्या. पण बाकीच्या वॉर्डात त्या अजून असतील. आणि मी हे वर सांगितलेलं नाही. सांगितलं तर तिचे हजार जाणार, मेमो येणार, खोटी नोंद केली म्हणून नोकरीही जाईल. काका घरी गेले, बरे आहेत. मला मात्र झोप नाही.

दुसरं एक. आम्ही वरिष्ठांशी कसं वागायचं, यावर त्यात दीड पान आहे. वरिष्ठांनी आमच्याशी कसं वागायचं, यावर एक ओळही नाही. व्हिजिटिंग डॉक्टर "कर्मचारी नाहीत" म्हणून त्यांना हे लागूच नाही. एक सर्जन आहेत, ड्रेसिंगच्या वेळी गॉज कमी पडला तर ट्रे ढकलून देतात. माझ्या पोरी त्यांना रात्री फोन करायला घाबरतात. लघवी कमी झाली, बीपी उतरतंय, तरी "अजून अर्धा तास बघू" म्हणतात. हा अर्धा तास कुणाचा जातो?

सही करू का? असा दंड कायद्यात बसतो का? तुमच्याकडं काय पद्धत आहे? आणि त्या पोरीचं काय करू?

---

निवृत्त_मेट्रन

पोरी, आधी सिरिंजचं. बाकी सगळं नंतर. उद्या सकाळी ड्यूटीवर गेलीस की प्रत्येक वॉर्डाच्या इन्चार्जला तोंडी सांग आणि ट्रे बघायला लाव. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आज रात्री दुसऱ्या वॉर्डात हेच घडलं, तर ते तुझ्यावरही येईल, आणि हे तुला माहीत आहे म्हणूनच तुला झोप नाही.

मी सरकारी नोकरीत तेहतीस वर्षं काढली. मेमो मीही दिलेत, भरपूर दिलेत. पण मी तीन गोष्टी वेगळ्या ठेवायचे. हातून झालेली चूक, घाईत लागलेली वाईट सवय, आणि माज. लाल टोपण दिसलं नाही, ही चूक. दोघींनी बघून द्यायचं इन्सुलिन, हेपरिन, पोटॅशियम एकटीनंच भरून द्यायचं आणि दुसरीची सही नंतर घ्यायची, ही सवय. दारू पिऊन नाइटला येणं, न दिलेल्या इंजेक्शनवर दिलं म्हणून टिक करणं, हा माज. चुकीला सामान आणि पद्धत बदलावी लागते, सवयीला समजावून पाठ घ्यावी लागते, माजाला चार्जशीट. तिन्हीला एकच हजार रुपयांचं औषध कसं चालेल?

तुझ्या पोरीनं जी खोटी नोंद केली ती मात्र लहान गोष्ट नाही. पुढच्या डॉक्टरनं ती नोंद वाचून इन्सुलिन बदललं असतं. तिला तसं स्पष्ट सांग. सांगताना दार लावून घे आणि तिला खुर्ची दे.

आमच्या वॉर्डात मी एक वही ठेवली होती. चुकीची नोंद त्यात करायची, आणि त्या नोंदीवरून कुणालाही मेमो जाणार नाही, असं मी पहिल्या पानावर लिहून सही केली होती. पहिले दोन महिने कोरी राहिली. मग एका नाइटला मीच माझी चूक लिहिली, रक्ताची पिशवी लावण्याआधी ग्रुप दुसरीकडून तपासून घेतला नव्हता. त्यानंतर पोरी लिहायला लागल्या.

---

एचआर_पुणे_माहेर_राजारामपुरी

ताई, मी दुसऱ्या बाजूनं लिहिते, राग मानू नका. मी अकरा वर्षं हॉस्पिटलच्या एचआरमध्ये आहे. सलाईन संपून नळीत रक्त चढलंय आणि स्टाफ मोबाइलवर रील बघतेय, असा व्हिडिओ नातेवाइकांनी काढून माझ्यासमोर ठेवलाय. नियम नसतील तर मी अशा वेळी काय करू? शिस्त नसलेल्या वॉर्डात नीट काम करणाऱ्या पोरींवरच जास्त भार पडतो, त्याच आधी सोडून जातात. म्हणून आचारसंहिता नकोच, असं मला पटत नाही.

पण तुमच्याकडचा दंड कायद्यात बसत नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही आणि आताच्या वेतन संहितेतही दंडाला मर्यादा घातलीय. एका पगारकाळात दंडाची एकूण रक्कम त्या काळातल्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. १४,००० चे ३ टक्के म्हणजे ४२० रुपये. एका चुकीला हजार घेताच येत नाहीत, आणि त्या पोरीचे एका महिन्यात सहाशे कापले तेही जास्तच. शिवाय कोणत्या वागण्याला दंड, ते आधी मंजूर करून सूचनाफलकावर लावावं लागतं, कापण्याआधी माणसाला आपली बाजू मांडू द्यावी लागते, दंडाचं रजिस्टर ठेवावं लागतं, आणि तो पैसा कर्मचाऱ्यांच्या भल्यासाठीच खर्च करावा लागतो. ९० दिवस उलटल्यावर दंड वसूल करता येत नाही, हप्त्यानंही नाही. तुमच्या अकाउंट्सला रजिस्टर दाखवा म्हणा, तिथंच विषय सुरू होईल.

सहीबद्दल: "मान्य आहे" असं लिहिलेलं असेल तर त्यावर सही करू नका. "प्रत मिळाली" असं स्वतःच्या हातानं लिहून सही करा, तारीख टाका, आणि हरकतीचं पत्र वेगळं जोडा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. मराठी प्रतही मागा. न कळलेल्या कागदावर कुणाची सही घेऊ नये, हे मी माझ्या एमडींनाही (मॅनेजिंग डायरेक्टरना) सांगते.

व्हिजिटिंग डॉक्टर कर्मचारी नाहीत हे खरं, पण त्यांच्याशी करार असतो. वागणुकीचं कलम त्या करारात घालता येतं. आणि लैंगिक छळाच्या बाबतीत तर ही सबब अजिबात चालत नाही. २०१३ च्या कायद्यानं कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या कुणापासूनही महिलेला सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. व्हिजिटिंग डॉक्टर आले, औषध कंपनीचे लोक आले, नातेवाईक आले. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं अंतर्गत समिती लागते, अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा. तक्रार तीन महिन्यांच्या आत. तुमच्या चौदा पानांत या समितीची नावं आहेत का, तेवढं बघून सांगा.

---

वॉर्ड_इन्चार्ज_कोल्हापूर

मेट्रन मॅडम, सकाळी सगळ्या वॉर्डांत फिरले. सर्जिकलच्या ट्रेमध्ये लाल टोपणाच्या सात सिरिंज होत्या, १०० च्या व्हायलशेजारी. काढून घेतल्या. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

एचआर मॅडम, राग कशाला मानू. रील बघणारी पोरगी माझ्याही वॉर्डात होती, तिला मीच घरी पाठवली होती. समितीची नावं पानांत नाहीत. जिन्याजवळ एक बोर्ड आहे, त्यावर चार नावं आहेत. त्यातल्या दोघी नोकरी सोडून गेल्यात, एकीला तर तीन वर्षं झाली.

---

भूलतज्ज्ञ_५८

सिस्टर, त्या सर्जनबद्दल तुम्ही लिहिलंत, म्हणून मला लिहावंसं वाटलं. मीही ओरडणारा डॉक्टर होतो.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आदल्या दिवशी लॅरिंगोस्कोपची (घशात नळी घालताना लागणाऱ्या दिव्याच्या उपकरणाची) बॅटरी उतरली होती म्हणून मी एका सिस्टरला सगळ्यांसमोर बोललो. फार वाईट बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी हर्नियाची केस होती. पेशंटच्या बायकोनं पहाटे त्याला कपभर चहा आणि दोन बटर दिले होते. त्याच सिस्टरला ते माहीत होतं. मी भराभर आत आलो, माझा चेहरा बघून ती गप्प राहिली. इंडक्शनला, म्हणजे भूल चढवताना, पेशंटला उलटी झाली. सक्शन हाताशी होतं, डोकं खाली केलं, फुप्फुसात फारसं गेलं नाही, तीन दिवस आयसीयूत राहून तो घरी गेला. नंतर तिनं मला सांगितलं. त्या दिवसापासून मी आवाज चढवलेला नाही.

हे माझ्या एकट्याचं नाही. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं २००८ साली याच विषयावर इशारा काढला होता: अपमानास्पद, धमकावणाऱ्या वागण्यानं उपचारातल्या चुका वाढतात, म्हणून प्रत्येक हॉस्पिटलनं आचारसंहिता करावी आणि ती डॉक्टरांसकट सगळ्यांना लागू करावी. म्हणजे तिकडं आचारसंहितेची मागणी झाली ती प्रामुख्यानं अशा वागण्याला आवर घालायला. तुमच्याकडं डॉक्टरच तिच्यातून वगळलेत. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची चेकलिस्ट आली. भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी तीनदा थांबायचं, मोठ्यानं विचारायचं. आमच्या ओटीत ती यादी सिस्टर वाचते आणि ती वाचत असताना सर्जनही थांबतो.

तुमच्या शून्य फॉर्मबद्दल. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला होता. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. नोंदी उलट्या निघाल्या. जिथं वरिष्ठांशी मोकळं बोलता येत होतं, तिथं चुका जास्त नोंदल्या जात होत्या, कारण लोक त्या सांगत होते. तुमच्या एमडींना हे दाखवा. ते स्वतः डॉक्टर असतील तर त्यांना कळेल.

---

आयसीयू_ब्रदर_९९

ताई, लई मनापासून लिहिलंय तुम्ही.

माझं एवढंच, आचारसंहिता लिहिताना रात्री वॉर्डात किती डोकी होती ते कुणी लिहीत नाही. व्हेंटिलेटरच्या पेशंटला एक स्टाफ, जनरल वॉर्डात सहाला एक, असं नॅबची (हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या एनएबीएचची) टीम येते तेव्हा सगळे पाठ म्हणून दाखवतात. टीम गेली की चोवीस पेशंट आणि आम्ही दोघं. पहाटे पाचला बसून सगळ्यांचे दोन तासांचे बीपी एकदम भरतात, हे मी डोळ्यानं बघितलंय. दोघांनी तपासून इन्सुलिन द्या म्हणतात, दुसरा माणूस सीटी स्कॅनला पेशंट घेऊन गेलेला असतो. त्याला दंड कुणाचा?

आणि नातेवाइकांचं पण पत्रात घालाच. माझ्या सोबतच्या ब्रदरला एकानं कॅज्युअल्टीत कानफटात दिली. ऑफिसातनं सांगितलं, हॉस्पिटलचं नाव खराब होईल, गप बस. महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, हॉस्पिटलमध्ये स्टाफवर हात टाकला तर अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारापर्यंत दंड, मोडतोड केली तर किमतीच्या दुप्पट भरपाई. तक्रार हॉस्पिटलनं स्वतः द्यायची, असं त्यात लिहून घ्या. एकट्या स्टाफला पोलीस स्टेशनला पाठवू नका.

---

वॉर्ड_इन्चार्ज_कोल्हापूर

बारा दिवसांनी लिहितेय. तुम्ही सगळ्यांनी वेळ काढलात म्हणून काय झालं ते सांगणं भाग आहे.

आधी त्या पोरीशी बोलले. दार लावलं, खुर्ची दिली. खोट्या नोंदीचं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "सिस्टर, तुम्ही सोबत याल का?" मग आम्ही दोघींनी मिळून इन्सिडेंट फॉर्म भरला, मराठीत. त्यात मी माझंही लिहिलं, की मला कळल्यावर पंधरा दिवस मी गप्प बसले.

फॉर्म मी ऑफिसात दिला नाही, थेट एमडी सरांकडं गेले. सोबत दोन सिरिंज नेल्या, लाल आणि केशरी, आणि एक १०० ची रिकामी व्हायल. त्यात साधं पाणी भरून घेतलं होतं. सरांच्या टेबलावर दोन्ही सिरिंजमध्ये १२ च्या रेघेपर्यंत भरून शेजारी शेजारी ठेवलं. सर स्वतः फिजिशियन आहेत. त्यांनी दोन्ही उचलून उजेडात धरल्या आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्टोअरला फोन लावून ४० च्या सगळ्या सिरिंज त्याच दिवशी परत मागवल्या. मग मला विचारलं, "हे पहिल्याच रात्री का नाही कळलं मला?" मी आचारसंहितेचं सातवं, दंडाचं पान उघडून समोर ठेवलं.

औषधाच्या चुकीचा दंड सध्या थांबवलाय. लेखी अजून नाही, तोंडी सांगितलंय. तीन टक्क्यांचं पत्र अकाउंट्सला दिलं, आवक शिक्का घेतला, उत्तर यायचंय. सही मी "प्रत मिळाली" अशी केली, वॉर्डातल्या सगळ्यांनी तशीच केली. मराठी प्रत महिन्याभरात देतो म्हणालेत. समितीच्या बोर्डावरची जुनी नावं दुसऱ्या दिवशीच उतरवली, नवी अजून लागलेली नाहीत. मी रोज जाताना बघते.

त्या पोरीला लेखी समज मिळाली, खोट्या नोंदीसाठी, पैसे न कापता. तिला ते लागलं. दोन दिवस नीट जेवली नाही. पण कामावर येतेय.

सर्जनच्या बाबतीत काही झालं नाही. सर म्हणाले, "बघतो." भूलतज्ज्ञ सर, तुमची चहा-बटरची गोष्ट मी नाव न घेता त्यांना सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, एवढंच. मी हे सोडणार नाही. रात्रीच्या स्टाफचा विषयही पत्रात घातलाय, ब्रदर, नातेवाइकांचाही.

शनिवारी सगळ्या इन्चार्जची मीटिंग आहे. वहीचा विषय मी मांडणार आहे. मेट्रन मॅडम, तुमच्या त्या वहीत रकाने कोणते होते?

---

निवृत्त_मेट्रन

पाच होते. तारीख आणि वेळ. काय झालं. पेशंटला काय त्रास झाला. त्या वेळी वॉर्डात पेशंट किती, सिस्टर किती. आपण काय बदललं. शेवटचा रकाना इन्चार्जनं भरायचा, आठ दिवसांच्या आत, आणि तो रिकामा राहिला तर पोरींनी तुला विचारायचं. नावाचा रकाना ठेवू नकोस. फुलस्केप वही घे, आडवी आखून घे, आणि पेन दोऱ्यानं बांधून ठेव, नाहीतर राउंडला कुणीतरी उचलून नेतं.